जाऊबाईचं दुसरं अंडं

पाटकऱ्याच्या बायकोचा स्वतःच्या कानांवर भरवसा नव्हता. बहिरी नव्हती ती. उलट कान इतके तिखट, की मागच्या खोलीत उंदीर कागदावरून गेला तरी हिला पुढच्या खोलीत कळायचं. पण कळलं रे कळलं, की नवऱ्याला विचारायची, "अहो, वाजलं का काही?" कुकरची शिट्टी झाली, "अहो, झाली ना शिट्टी?" फोन वाजला, "अहो, आपलाच ना?" तो 'हो' म्हणेपर्यंत फोन बिचारा वाजून वाजून दमायचा. पलीकडून लेक वैतागायची. "आई, फोन वाजला की उचलायचा असतो गं, त्यावर सभा नसते भरवायची!"

सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. येणारीजाणारी माणसं हसायची. पाटकरीही हसायचा, पण त्याचं हसू जरा आखूड पडायचं. कारण ही खोड तिला कुणी लावली, हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याचा राखणदार. वरून हुकूम आला की गेट उघडायचं, हुकूम आला की मिटायचं, आणि पट्टीवर पाणी कुठवर चढलं ते वहीत लिहायचं. काम सोपं, म्हणजे ज्याने कधी केलं नाही त्याच्यासाठी सोपं. गेटचं लोखंडी चाक पुरतं उघडायला एकशे दहा फेरे लागत. सत्तराव्या फेऱ्याला खांदा बोलायला लागे आणि नव्वदाव्याला पाटकरी त्या चाकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. घर गेटाला लागूनच, दोन खोल्यांचं. एका खोलीत माणसं, दुसऱ्या खोलीत वंगणाचे डबे, दोरखंड, कंदील आणि बायकोची शिवणाची मशीन. गेटातून सुटलेलं पाणी लांबलचक चरातून मोठा वळसा घेत घरामागच्या खालच्या पाणथळीत पसरायचं. तिथे ते साठवायचं आणि उन्हाळ्यात शहराला द्यायचं.

आणि त्या पाणथळीत सारसांची एक जोडी राहायची.

नऊ वर्षं त्यांचं घरटं तिथेच. मादीचं नाव बायकोने ठेवलं होतं जाऊबाई. "शेजारी राहते, तोऱ्यात चालते, आणि मी काही विचारलं की मान फिरवते. जाऊ नाही तर काय!" मग नर ओघानेच भाऊजी झाला. पाच फूट उंचीचे, राखाडी अंगाचे, लाल मानेचे हे दीर-जाऊ सकाळी चोच आभाळाकडे करून एकदम ओरडायचे. त्याची एक हाक, लगेच तिच्या दोन, त्याची एक, तिच्या दोन. "बघा," बायको म्हणायची, "तिथेही बाईलाच जास्त बोलावं लागतं."

घराच्या मागे बांध होता. त्या बांधावर पाटकऱ्याने फळ्यांचं एक मचाण बांधलं होतं. तिथून घरटं चाळीस पावलांवर. संध्याकाळी दोघं तिथे बसायची. नऊ वर्षांत त्यांनी त्या पाखरांचा सगळा संसार पाहिला होता. लव्हाळी आणि पाणकणसं उपटून दोघं मिळून पाण्यात हा एवढा ढीग रचायची, एखादी खाट मावेल एवढा. त्यावर दोन अंडी, दोन दिवसांच्या अंतराने. मग पाळ्या. ती बसली की तो चरायला, तो बसला की ती. अंडी चोचीने उलटवायची, पाणी थोडं चढलं की आणखी गवत ओढून ढीग उंच करायचा. बत्तिसाव्या दिवशी पहिलं पिल्लू. दालचिनीच्या रंगाचं, पायच जास्त आणि पिल्लू कमी. दुसऱ्या दिवशी ते आईबापाच्या मागे धडपडत पाण्यात निघालेलं असायचं.

दुसऱ्या अंड्याचं मात्र कधी काही खरं नव्हतं. कधी पोचटच निघायचं, कधी पिल्लू बाहेर येऊन दोन दिवसांत जायचं. नऊ वर्षांत एकाच वर्षी दोन्ही पिल्लं जगली होती. ती एकमेकांना टोचून हैराण करायची, तेव्हा जाऊबाईने एक आपल्या मागे घेतलं आणि भाऊजीने एक. पाणथळीच्या दोन टोकांना दोघांची दोन बिऱ्हाडं. थंडी सरेपर्यंत भांडण मिटलं आणि चौघं एकत्र उडून गेली. त्या दिवशी बायको मचाणावर बसून रडली होती. का रडतेस, असं पाटकऱ्याने विचारलं नव्हतं. त्याला माहीत होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनाही दोन झाली होती.

आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच कळा आल्या. छोटं इस्पितळ, लांब ओसरी, भर दुपारची वेळ. आधी एक मुलगी झाली. तिने असा टाहो फोडला की औषधाच्या खिडकीवरची माणसंसुद्धा हसली. पाव तासाने नर्सबाई पुन्हा बाहेर आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये कापड, कापडात काहीतरी मुठीएवढं. शेजारच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर तिने ते ठेवलं आणि पाटकऱ्याला म्हणाली, "ही नाही राहायची. आमच्याकडे अशा बाळांना ठेवायची काचेची पेटी नाही, मोठं इस्पितळ चार तासांवर. बाईंना दाखवू नका, जीव गुंतेल. त्यांना आता त्या एकीसाठी ताकद हवी." नर्सबाई वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

टेबलावरून आवाज आला. रडणं नाही म्हणता येणार. बारीक, चिरका, तुटका आवाज. मग थांबला. मग पुन्हा आला. पाटकरी दाराशी भिंतीला टेकून उभा होता, समोर घड्याळ होतं. पंधरा मिनिटं झाल्यावर आवाज आला नाही.

बायको शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिलं तेच विचारलं. "दुसरं? मी आवाज ऐकला."

"ते निपचितच जन्मलं गं," तो म्हणाला. "भास झाला तुला."

भल्यासाठीच म्हणाला तो. पण खोट्याची एक गंमत असते, ते एकदा बोलून भागत नाही, रोज त्याला खाऊ घालावं लागतं. पहिला महिनाभर ती भांडली. "मी ऐकलं म्हणजे ऐकलं!" दुसऱ्या महिन्यात नुसतं विचारू लागली, "नक्की नव्हतं का हो रडलं?" तो दर वेळी म्हणायचा, भास. डॉक्टर म्हणाले, गुंगीत असे भास होतात. सासू म्हणाली, बाळंतिणीच्या कानात वारं भरतं. सगळ्या जगाने एकमुखाने सांगितलं तेव्हा शेवटी तिलाही पटलं. दुसरं बाळ रडलं नव्हतं हे पटलं, आणि त्याबरोबर आपले कान खोटं बोलतात हेही पटलं. तेव्हापासून ती शिट्टीही नवऱ्याला विचारून ऐकू लागली.

गेली दोन वर्षं सारसांचं एकही पिल्लू जगलं नव्हतं. कारण उघड होतं. पाणी सोडायची तारीख ठरलेली आणि पाखरांना ती कुणी कळवलेली नाही. घरट्यात अंडी असतानाच पाणी चढलं आणि दोन्ही वर्षं ढीगच्या ढीग वाहून गेला. पहिल्या वर्षी जाऊबाई तीन दिवस त्याच जागी पाण्यात उभी होती. दुसऱ्या वर्षी चार. यंदा मात्र बायकोने नवऱ्याला सरळ सुनावलं, "तुमच्या मॅडमशी बोला. नाही बोलता येत तर मी बोलते. जास्तीत जास्त काय होईल, नाही म्हणतील. तोंडाला कुलूप तर घालणार नाहीत ना!"

मॅडम म्हणजे कालव्याच्या अभियंता. लेकीच्याच वयाच्या, पण बोलणं असं की पाटकऱ्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. त्या स्वतः आल्या, बूट काढून मचाणावर चढल्या आणि दुर्बिणीतून अर्धा तास बघत बसल्या. उतरल्या तेव्हा आवाज मऊ झाला होता.

"काका, मला सोमवारपर्यंत ओढता येईल. शहराची टाकी थांबत नाही. सोमवारी सकाळी सातला गेट उघडायचं."

"पहिलं अंडं शनिवारी फुटेल मॅडम. दुसरं सोमवारी. एखादा दिवस मागेपुढे..."

मॅडमनी विचार केला. "असं करू. सोमवारी सकाळी अंड्यात जीव आहे अशी तुमची खात्री असेल, तर सातच्या आत मला फोन करा. मी आणखी दोन दिवस भांडून घेईन. पण खात्री हवी हं, अंदाज नको. तुमच्या शब्दावर मी वर बोलणार."

"माझ्या शब्दावर," पाटकरी म्हणाला आणि उगाचच शर्टाचं वरचं बटण लावलं.

शनिवारी दुपारी पहिलं अंडं फुटलं. बायको मचाणावरून अशी धावत आली की एक चप्पल बांधावर राहिली. "अहो! पिल्लू! मला दिसलं! दिसलं म्हणजे डोळ्यांनी दिसलं!" डोळ्यांवर तिचा भरवसा होता. दोघांनी दुपारभर तिथेच बसून भाकरतुकडा खाल्ला. रविवारी पिल्लू आईच्या पंखातून मान काढून जगाकडे बघू लागलं आणि संध्याकाळी भाऊजी त्याला घेऊन कडेच्या उथळ पाण्यात उतरला. किडा पकडून द्यायचा, पिल्लाच्या हातून (हात कुठले, पण म्हणायचं आपलं) तो पडायचा, की हा बापडा पुन्हा उचलून द्यायचा. सहा-सहा वेळा. "बापच तो," बायको म्हणाली. "तुम्हीपण असंच भरवायचात लेकीला. निम्मं तिच्या तोंडात, निम्मं कानात."

जाऊबाई मात्र घरट्यावरून हलली नाही.

सोमवारी सहाला दोघं मचाणावर. वारा पडलेला, पाण्यावर सुरकुती नाही. जाऊबाई बसलेली होती. मग ती उठली, मान खाली घातली आणि घशातल्या घशात घुरघुरली. हळू, एकसारखं. पुन्हा बसली. पुन्हा उठली, पुन्हा तेच.

बायकोने नवऱ्याचा दंड धरला. बोटं रुतली.

"अहो. आतून बोलतंय."

"काय?"

"अंड्यातून. चिवचिव येतेय. बारीक. ही त्याच्याशी बोलतेय म्हणून तर वाकते सारखी! ऐका ना. आलं... आत्ता आलं. आलं ना?"

आता इथे पाटकऱ्याने काय करायला हवं होतं? कान द्यायला हवा होता. बस, एवढंच. श्वास रोखून एक मिनिट ऐकायला हवं होतं, मग आलं-नाही आलं काय ते सांगायचं. पण सव्वीस वर्षांची सवय म्हणजे घरचा कुत्रा. हाक मारायच्या आधीच पायाशी येऊन बसतो. कान टवकारायच्या आधीच त्याच्या तोंडून गेलं:

"भास झाला तुला."

"अहो, पण..."

"दुसरं दरवर्षी पोचटच असतं. तूच बघितलंयस. आणि चाळीस पावलांवरून अंड्यातला आवाज कुणाला ऐकू येतो का? मॅडमना काय सांगू, बायकोला वाटतंय म्हणून शहराचं पाणी अडवा? खात्री हवी म्हणाल्यात त्या."

बायकोचा हात दंडावरून सुटला. "हो," ती म्हणाली. "भासच असेल. माझ्या कानांचं काय."

ती हे इतक्या निमूटपणे म्हणाली, की तो क्षणभर उतरायचा थांबला. पण घड्याळात सहा पन्नास झाले होते. तो उतरला. सात वाजता त्याने चाकाला हात घातला आणि एकशे दहा फेरे दिले. त्या दिवशी त्याने चाकाला शिव्या दिल्या नाहीत.

पाणी चरातून पाणथळीत पोहोचायला दोन तास लागतात. नऊला पट्टीवर दोन बोटं चढली. दहाला चार. भाऊजी पिल्लाला घेऊन केव्हाच बांधाच्या कडेला सरकला होता. पिल्लाचे पाय उचलले गेले की ते पोहायचं, टेकले की चालायचं. त्याची काळजी नव्हती.

बायको मचाणावरून उतरेना. पाटकरी तिला बोलवायला गेला.

"चल, चहा टाकतो."

"ती बघा काय करतेय," ती म्हणाली.

जाऊबाई गवत ओढत होती. घरट्याच्या चहूबाजूंनी, चोच भरभरून, मान लांब करकरून. ओढायचं, अंड्याखाली सारायचं, पायाने दाबायचं, पुन्हा ओढायचं. नवरा-पिल्लू पलीकडे हाका मारत होते. ती उत्तर द्यायची, पण जात नव्हती. मध्येच काम थांबवून मान खाली घालायची, घुरघुरायची, आणि पुन्हा गवत.

"पोचट अंड्यासाठी कुणी एवढं करतं का हो?" बायकोने विचारलं. विचारलंच, सांगितलं नाही. सांगायची तिची हिंमत कुणी ठेवली होती?

पाटकरी मग गप्प उभा राहिला आणि पहिल्यांदा त्याने खरोखर कान दिला. वाऱ्याची झुळूक त्यांच्याकडे येत होती. पाण्याचा आवाज होता, भाऊजीच्या हाका होत्या. आणि त्या दोन्हींच्या मधे, सुईने टोचल्यासारखा, एक आवाज होता. बारीक. चिरका. तुटका.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता.

तो धावला. पन्नाशी ओलांडलेला माणूस बांधावरून जसा धावेल तसा धावला, दोनदा पडला. चाक उलटं फिरवायला घेतलं. एकशे दहा फेरे, आणि मधेच मॅडमना फोन. "मॅडम, जीव आहे त्यात. खात्री आहे. माझ्या शब्दावर सांगतो." मॅडम म्हणाल्या, "बंद करा. मी बघते वर काय ते." भली पोर. पण गेट मिटलं म्हणून चरातलं पाणी थोडंच मागे फिरतं! दोन तासांचं पाणी वाटेत होतं. ते येणारच होतं, आणि ते आलं.

तो पाणथळीत उतरला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. घरट्याचा ढीग एका बाजूने सुटला होता. जाऊबाई पाण्यात उभी, पंख पसरलेले, मधे तरंगणारं गवत, आणि गवतात अंडं पाण्यावर हलत होतं. ती चोचीने ते आत ढकलायची आणि गवत पुन्हा सुटायचं. पाटकऱ्याने हात घातला तशी तिने चोच मारली. मनगटापासून कोपरापर्यंत हात फाटला. दुसरी खांद्यावर बसली. "मार," तो म्हणाला, "मार, बरोबर आहे तुझं." पण अंडं त्याने सोडलं नाही.

बांधावर बायकोने अंगातला स्वेटर काढून पसरला होता. अंड्याला एका बाजूला करंगळीच्या नखाएवढं भोक पडलं होतं आणि भोकात चोचीचं टोक. चोच हलत होती. भोकातून पाणीही आत गेलं होतं. बायकोने ते उपडं धरून निथळलं, स्वेटरमध्ये गुंडाळलं, छातीशी धरलं, मग कानाशी नेलं. चेहऱ्यावर आधी उजेड आला आणि मग तिने डोळे वर केले. नेहमीसारखे. परवानगी मागणारे.

"अहो... आवाज येतोय ना? का मला आपलं..."

त्याच्या हातातून रक्त टपकत होतं. तो तिच्यासमोर गुडघे टेकून बसला.

"येतोय," तो म्हणाला. "भास नाही. मलाही येतोय."

ती हसली. इतकं मनापासून हसली की त्याला ते बघवेना. आणि तो आता थांबता तर थांबूही शकला असता. कुणी विचारलं नव्हतं.

"तेव्हाही आला होता," तो म्हणाला.

"कधी?"

"तेव्हा. इस्पितळात. ती रडली होती. तू ऐकलंस ते खरं होतं."

बायकोचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरून गेल्यासारखं. स्वेटरमधून चिवचिव येत होती. तिने घडी जराशी सैल करून आत पाहिलं. मग म्हणाली, "किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"मुलगी होती?"

"मुलगी."

"तुम्ही हातात घेतलं होतंत तिला?"

खोटं बोलण्याची ही शेवटची संधी होती, आणि देवाशपथ, खोटं जिभेवर आलंही होतं.

"नाही," तो म्हणाला. "दाराशी उभा होतो. भीती वाटली मला. हातात घेतलं तर सोडता येणार नाही असं वाटलं."

"कुणीच नाही घेतलं?"

"नाही."

"मी शेजारच्या खोलीत होते," बायको म्हणाली. "पाच पावलांवर. मी घेतलं असतं. पंधरा मिनिटं काय कमी असतात होय?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आणि नंतर? कुठे ठेवलंत?"

"नर्सबाईने नेलं. मी विचारलं नाही."

ती अंड्याकडे बघत राहिली. चोचीचं टोक अजून हलत होतं, पण थांबून थांबून. तिने स्वेटरची घडी आणखी जवळ ओढली, त्यावर तोंड नेऊन ऊब फुंकली आणि जाऊबाईसारखंच घशातल्या घशात काहीतरी गुणगुणली. पाटकऱ्याने दुसरा हात पुढे केला. तिने अंडं दिलं नाही. तो हात तसाच मागे घेतला.

"सव्वीस वर्षं," ती मधेच म्हणाली, "सव्वीस वर्षं मी कुकरची शिट्टीसुद्धा तुम्हाला विचारून ऐकली हो."

तो पाण्यातल्या जाऊबाईकडे बघत राहिला.

साडेअकराच्या सुमाराला चिवचिव थांबली. दोघांनाही ते एकदमच कळलं, आणि तिने विचारलं नाही.

तरी ती तासभर तशीच बसून होती. मॅडमचा फोन आला तेव्हा पाटकऱ्याने सांगितलं, गेलं. मग मॅडम म्हणाल्या, "मग काका... उघडावं लागेल." फाटक्या हाताला पंचा गुंडाळून तो गेटावर गेला आणि पुन्हा एकशे दहा फेरे फिरवायला लागला. पंचा पन्नासाव्या फेऱ्यालाच भिजला. तो परत आला तेव्हा बांधाच्या उंच टोकाला ओली माती दिसली. बायकोने त्याची वाट न बघता खुरप्याने खड्डा खणून त्यात अंडं ठेवलं होतं, स्वेटरसकट. जिथे पाणी कधीच चढत नाही अशी जागा तिने बरोबर निवडली होती. इतकी वर्षं पाटकऱ्याची बायको होती ती, पाणी तिलाही कळत होतं.

जाऊबाई दुपारभर घरट्याच्या जागी उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्यांवर गेलं. चारच्या सुमाराला पिल्लू लव्हाळ्यात अडकून केकाटलं, तशी तिने मान वळवली, एकदा पाण्याकडे बघितलं आणि लांब ढांगा टाकत पिल्लाकडे गेली.

संध्याकाळी पाटकरी ओटीवर बसला होता. हाताला बायकोने पट्टी बांधून दिली होती; घट्ट, नीट. ती आत मशीनवर काहीबाही शिवत होती. पाणथळीकडून जोडीची हाक आली. त्याची एक, तिच्या दोन. मशीन क्षणभर थांबली. "अहो" आलं नाही. मशीन पुन्हा सुरू झाली.

मग फोन वाजला. लेकीचा असणार, आज पाणी सुटणार हे तिला माहीत होतं, पिल्लांचं विचारायला करणारच होती. पाटकऱ्याने सवयीने आतल्या दाराकडे मान वळवली आणि 'हो, आपलाच' हे शब्द तोंडात तयार ठेवले. कधी नव्हे ते त्याला वाटत होतं, तिने विचारावं. एकदा तरी विचारावं.

दुसऱ्या रिंगलाच तिने फोन उचलला.

"हं, बोल. येतंय, स्वच्छ ऐकू येतंय. अगं, एक आहे, छान आहे, बापाच्या मागे पळतंय. दुसरं गेलं." मग, "बसली आहेस का? बस जरा. एक सांगायचंय. तुझ्या पाठीवर तुला एक बहीण झाली होती."

पाटकऱ्याने पट्टीचा हात मांडीवर ठेवला. फोनवर पलीकडून लेक काहीतरी भराभरा विचारत असावी, कारण बायको नुसती हं, हं करत होती.

"नाही गं, कुणी सांगायला कशाला हवं," ती म्हणाली. "रडली ती. मी माझ्या कानांनी ऐकलं."